कॉपरचा तो सहावा ऑक्सिजन मोजायचा की नाही?

प्रश्न दोनदा वाचला. नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे कॉपर-टूचा (दोन धन प्रभाराच्या कॉपरचा) एक कार्बोक्सिलेट कॉम्प्लेक्स आहे, निळे क्रिस्टल, एक्स-रे डेटा रूम टेंपरेचरला घेतलेला, आर-वन (मॉडेल आणि डेटा यांच्यातली तफावत) ०.०३८. कॉपरभोवती दोन कार्बोक्सिलेट ऑक्सिजन १.९५ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), दोन पाण्याचे ऑक्सिजन १.९८ वर, वरच्या बाजूला आणखी एक पाणी २.३५ वर, आणि खालच्या बाजूला शेजारच्या रेणूच्या कार्बोक्सिलेटचा एक ऑक्सिजन २.७५ वर. सर म्हणतात ऑक्टाहेड्रल (सहा बाँडचं) लिहा, पेपर तपासणारा रेफरी म्हणतो पाचच आहेत, स्क्वेअर पिरॅमिडल (चौकोनी तळ आणि एक शिखर) लिहा नाहीतर कारण द्या, आणि स्ट्रक्चर तपासणाऱ्या चेकसिफ प्रोग्रामने वरच्या पाण्याच्या बाँडवर बी लेव्हलचा हर्शफेल्ड अलर्ट (बाँडच्या दिशेत दोन अणूंची थरथर जुळत नाही असा इशारा) दिलाय. आणि तुम्ही विचारताय की किती अँगस्ट्रॉमपर्यंत बाँड धरायचा.

असा एक आकडा नाहीये. कुणी छातीठोकपणे २.६ किंवा २.८ सांगत असेल तर तो त्याच्या ग्रुपमध्ये चालत आलेला रिवाज सांगतोय एवढंच. तुमचा खरा प्रश्न असा आहे की २.७५ वरच्या त्या ऑक्सिजनची कॉपरला दखल आहे का, आणि असेल तर किती. याचं उत्तर अंतरात कमी आणि कॉपर स्वतः कसा वागतोय त्यात जास्त सापडतं. शिवाय हा नुसता शब्दाचा वाद नाही, कारण तो ऑक्सिजन बाँड म्हणून धरला तर तुमचे सुटे रेणू एकमेकांना जोडून एक साखळी होते आणि पेपरच्या टायटलमध्ये कोऑर्डिनेशन पॉलिमर येतं, नाही धरला तर साधा मोनोन्यूक्लिअर (एकाच कॉपरचा) कॉम्प्लेक्स. रेफरी अडून बसलाय तो बहुतेक याचसाठी, आणि त्याचं अडणं मला रास्त वाटतं.

आधी सॉफ्टवेअरचं बघू, कारण तुम्ही लिहिलंय की मर्क्युरी या स्ट्रक्चरचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये खालचा बाँड दिसतच नाही आणि वरचा दिसतो. ती रेघ म्हणजे केमिस्ट्रीचा निकाल नव्हे. प्रोग्राम दोन अणूंच्या कोव्हॅलंट रेडियसची (बाँडमधल्या अणूच्या त्रिज्येची) बेरीज करतो, त्यात ०.४ अँगस्ट्रॉमची सूट घालतो आणि अंतर त्याच्या आत असलं की रेघ मारतो. कॉपरचा रेडियस १.३ च्या आसपास, ऑक्सिजनचा ०.७ च्या जरा आत, म्हणजे सीमा येते साधारण २.४ वर. तुमचं वरचं पाणी २.३५ ला आहे म्हणून ते काठावर पास झालं. उद्या तेच पाणी २.४३ ला असतं तर चित्रात कॉपर चार बाँडचा दिसला असता आणि केमिस्ट्री जवळपास तीच राहिली असती.

सरांचा मुद्दा बहुधा असा असेल की २.७५ हे व्हॅन डर वाल्स रेडियसच्या (बाँड नसताना टेकलेल्या अणूंच्या त्रिज्येच्या) बेरजेपेक्षा कमी आहे म्हणून बाँड. हा युक्तिवाद खूप पेपरमध्ये सापडतो आणि तो कच्चा आहे. बाँडीच्या १९६४ च्या यादीत कॉपर १.४० आणि ऑक्सिजन १.५२, बेरीज २.९२, म्हणजे तुमचा २.७५ आत बसतो. पण आल्वारेझने २०१३ मध्ये लाखो क्रिस्टल स्ट्रक्चरमधली अंतरं बघून जी यादी काढली तिच्यात कॉपर २.३८ आहे आणि ऑक्सिजन १.५०, बेरीज जवळपास ३.९. तोच निकष लावायचा तर ३.५ अँगस्ट्रॉमवरचा कुठलाही ऑक्सिजन बाँड म्हणावा लागेल आणि ते कुणीच म्हणणार नाही. व्हॅन डर वाल्सची बेरीज फार तर एवढंच सांगते की इथे काहीतरी बघण्यासारखं असू शकेल.

आता कॉपरच असा का वागतो. कॉपर-टू डी-नाइन आहे, म्हणजे त्याच्या डी ऑर्बिटलमध्ये नऊ इलेक्ट्रॉन, आणि समान सहा बाँडच्या ऑक्टाहेड्रनमध्ये वरच्या दोन ऑर्बिटलमध्ये तीन इलेक्ट्रॉन येतात, त्यांची वाटणी समान होऊच शकत नाही. यान आणि टेलर यांनी १९३७ मध्ये दाखवलं की अशी स्थिती टिकत नाही, रेणू आपली सिमेट्री मोडून ऊर्जा कमी करतो. कॉपरच्या बाबतीत बहुतेक वेळा चार बाँड आखूड होतात आणि समोरासमोरचे दोन लांबतात. झिंकमध्ये डी-टेन असल्यामुळे ही भानगड नाही, तिथे सहाही झिंक-ऑक्सिजन अंतरं २.१ च्या आसपास सापडतात आणि सहा मोजताना कुणाला प्रश्न पडत नाही. लांबलेले दोन बाँड किती लांबतील आणि दोन्ही सारखेच लांबतील का, हे मात्र थिअरी ठरवून देत नाही, ते पॅकिंग, हायड्रोजन बाँड आणि लिगँडच्या (धातूला जोडलेल्या रेणूंच्या) आकारावर जातं. म्हणून २.२ पासून २.९ पर्यंत कॉपर-ऑक्सिजनची अंतरं सलग सापडत राहतात आणि मध्ये कुठे स्वच्छ फट मिळत नाही जिथे रेघ मारता येईल. केंब्रिज डेटाबेसचा (क्रिस्टल स्ट्रक्चरच्या संग्रहाचा) अॅक्सेस असेल तर हा हिस्टोग्राम स्वतः काढून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि रेफरीला दाखवायलाही उपयोगी पडतं.

तुलनेसाठी सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मोरचूद, आपलं कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. त्याचं स्ट्रक्चर बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३४ मध्येच काढलं. तिथे कॉपरभोवती चार पाणी जवळ आहेत, वर आणि खाली सल्फेटचे दोन ऑक्सिजन २.४ च्या आसपास, आणि पाचवं पाणी कॉपरला चिकटलेलंच नाही, ते नुसतं हायड्रोजन बाँडवर उभं आहे. फॉर्म्युल्यात पाच पाणी लिहिलंय म्हणून पाच बाँड होत नाहीत हे तिथून शिकायचं. दुसरं म्हणजे तिथले वरचे-खालचे ऑक्सिजन जवळपास सारख्या अंतरावर आहेत, म्हणून त्याला लांबलेलं ऑक्टाहेड्रल म्हणणं, म्हणजे ४+२ (चार जवळ, दोन लांब), योग्यच आहे. तुमच्याकडे २.३५ आणि २.७५, दोघांत ०.४ चा फरक. इथे ४+२ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार दोन्ही बाजू सारख्या आहेत, आणि त्या तशा नाहीत.

मी अशा वेळी सगळ्यात आधी बघतो की कॉपर चार जवळच्या ऑक्सिजनच्या प्लेनमध्ये आहे की त्यातून बाहेर सरकलाय. पाचच बाँड असले तर धातू वरच्या लिगँडकडे उचलला जातो, साधारण ०.१ ते ०.३ अँगस्ट्रॉम. खालून सहावा खरोखर ओढत असेल तर तो परत प्लेनमध्ये येतो. तुम्ही समोरासमोरचे दोन कोन दिलेत, १७४.६ आणि १६८.३ अंश, त्यावरून हिशोब केला तर कॉपर साधारण ०.१५ अँगस्ट्रॉम वर सरकलेला निघतो. प्लेनचा हिशोब रिफाइनमेंट (मॉडेल डेटाशी जुळवण्याच्या) प्रोग्राममध्ये एका ओळीच्या कमांडने मिळतो, अनिश्चिततेसकट, तो नक्की काढा आणि सरकणं वरच्या पाण्याच्याच दिशेने आहे ना हेही तपासा. तसं असेल तर कॉपरने बाजू निवडलीय आणि खालच्या ऑक्सिजनची ओढ त्याला परत आणायला पुरलेली नाही. माझ्या मते तुमच्या केसमधला हा सगळ्यात वजनदार पुरावा आहे. इथे एक सावधगिरी, कॉपर इन्व्हर्शन सेंटरवर (ज्या बिंदूतून स्ट्रक्चर उलटं केलं तरी तेच राहतं त्यावर) बसलेला असता तर हे बघून काहीच कळलं नसतं, कारण तिथे सिमेट्रीच त्याला प्लेनमध्ये बसवते आणि वरखाली दोन्ही अंतरं समान दाखवते, मग अर्धे रेणू वर तोंड करून आणि अर्धे खाली तोंड करून बसलेले असले तरी सरासरीत छान ४+२ दिसतं. तुमची दोन अंतरं वेगळी आहेत म्हणजे तुमचा कॉपर तसा बसलेला नाही, ही चांगली गोष्ट आहे.

दुसरं, बाँड व्हॅलन्सचा हिशोब. कागदावर पाच मिनिटांत होतो आणि रेफरी तो मानतात. ब्राऊन आणि आल्टरमॅट यांच्या १९८५ च्या पद्धतीत प्रत्येक बाँडचं वजन काढायचं: एका ठरलेल्या लांबीतून, जी कॉपर-टू आणि ऑक्सिजनसाठी १.६७९ आहे, तुमचं अंतर वजा करायचं, ०.३७ ने भागायचं आणि त्याचं एक्स्पोनेन्शिअल घ्यायचं. १.९५ वरचे दोन प्रत्येकी ०.४८ देतात, १.९८ वरचे दोन प्रत्येकी ०.४४, म्हणजे चार मिळून १.८५. वरचं पाणी ०.१६ देतं, बेरीज २.०१. खालचा ऑक्सिजन ०.०५५, बेरीज २.०७. कॉपरची व्हॅलन्स २ हवी, तर चार ऑक्सिजनवर थोडी कमी पडते, पाचव्याने नेमकी भरते, आणि सहाव्याचं वजन जवळच्या एका बाँडच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढं निघतं. पण २.०१ बरोबर आणि २.०७ चूक असा युक्तिवाद करू नका, या पद्धतीत ०.१ इकडेतिकडे सहज होतं. तिचा खरा उपयोग प्रमाण दाखवण्यासाठी आहे: पाचवा दुबळा पण खरा, सहावा शून्य नाही पण पाचव्याच्याही एक तृतीयांश.

टाऊ-फाइव्ह, म्हणजे पाच बाँडचा आकार सांगणारा आकडा, तुम्ही काढलाय, ०.११. हिशोब बरोबर आहे, दोन मोठ्या कोनांतला फरक भागिले ६०, शून्याजवळ म्हणजे स्क्वेअर पिरॅमिड, एकाजवळ म्हणजे ट्रायगोनल बायपिरॅमिड. फक्त तो पाच बाँडचा पुरावा म्हणून देऊ नका. टाऊ-फाइव्ह काढताना आपण पाच आधीच धरलेले असतात, मग पाच धरले तर आकार कुठला एवढंच तो सांगतो.

आता तो खालचा ऑक्सिजन तिथे आला कशामुळे हे बघा, यावर पेपरमध्ये कुणी सहसा बोलत नाही. तो कॉपरच्या ओढीने आलाय की दुसऱ्या कशाने तिथे आणून ठेवलाय? तुमच्या प्लेनमध्ये दोन पाणी आहेत आणि कार्बोक्सिलेटच्या ऑक्सिजनला पाण्याचे हायड्रोजन फार आवडतात. तो ऑक्सिजन कॉपरच्या बरोबर खाली असेल, प्लेनमधल्या चारही ऑक्सिजनशी कॉपरवर ९० अंशांच्या आसपास कोन करत असेल, तर १.९८ वरच्या पाण्यापासून तो ३.४ अँगस्ट्रॉम लांब पडतो आणि तिथे हायड्रोजन बाँड जमत नाही, मग तो कॉपरसाठीच आलाय म्हणायला जागा आहे. उलट एका पाण्याकडे झुकून कोन ७० अंशांवर आलेला असेल तर त्याचं त्या पाण्यापासूनचं अंतर २.८ च्या जवळ येतं, हे हायड्रोजन बाँडचं ठेवणीतलं अंतर, आणि मग कॉपरची जवळीक हा त्याचा आनुषंगिक परिणाम आहे. तुम्ही कोन दिलेले नाहीत म्हणून माझं इथलं उत्तर अर्धवट राहतंय. हे चार कोन आणि हायड्रोजन बाँडचा टेबल काढला की बरंचसं स्पष्ट होईल. तो ऑक्सिजन शेजारच्या रेणूचा नसून त्याच कॉपरला आधीच धरलेल्या कार्बोक्सिलेटचा दुसरा ऑक्सिजन असता तर मी आणखी सावध झालो असतो, कारण एक ऑक्सिजन १.९५ वर पकडला की दुसरा कार्बोक्सिलेटच्या आकारामुळे तसाही २.५ ते ३ च्या टप्प्यात येऊन पडतो, बाँड असो वा नसो.

हर्शफेल्ड अलर्टवर जरा सविस्तर लिहितो कारण तुम्ही तो कसा घालवायचा असं विचारलंय, आणि मला वाटतं तो घालवू नये. हर्शफेल्डने १९७६ मध्ये मांडलेली कल्पना अशी की बाँडने बांधलेले दोन अणू बाँडच्या दिशेत जवळपास एकत्रच हलतात, तर त्या दिशेतली दोघांची थरथर सारखी हवी. घट्ट बाँडसाठी फरक ०.००१ अँगस्ट्रॉम वर्गाच्या आत हवा असं त्याने सुचवलं होतं. तुमच्या वरच्या पाण्याचं एलिप्सॉइड (अणूची थरथर दाखवणारा लंबगोल) सिगारसारखं बाँडच्या दिशेने लांबलेलं आहे असं तुम्हीच लिहिलंय. याची तीन कारणं असू शकतात. एक, लांबलेला बाँड मुळातच मऊ आहे, त्यामुळे पाणी त्या दिशेत जास्त हलतं. दोन, काही युनिट सेलमध्ये ते पाणी २.२५ ला आहे आणि काहींमध्ये २.४५ ला, आणि आपल्याला सरासरी दिसतेय. तीन, त्या जागेवर सगळीकडे पाणी नाहीच, ऑक्युपन्सी अपुरी आहे किंवा दुसरं काहीतरी अधूनमधून बसलंय.

सरासरी किती फसवू शकते याची दोन उदाहरणं सांगतो. पोटॅशियम लेड कॉपर हेक्झानायट्राइट या क्यूबिक संयुगात रूम टेंपरेचरला कॉपरचे सहाही नायट्रोजन अगदी समान अंतरावर दिसतात, म्हणजे यान-टेलर गायब झाल्यासारखा. खरं तर लांबलेली दिशा तीन अक्षांमध्ये सतत बदलत असते आणि एक्स-रेला तिन्हींची सरासरी दिसते. थंड केलं की सिमेट्री उतरते आणि विकृती बाहेर येते. दुसरं उदाहरण मॉलिब्डेनमचं, आणि ते प्रत्येक क्रिस्टलोग्राफरने लक्षात ठेवावं असं. एक ऑक्सो-क्लोरो-फॉस्फिन कॉम्प्लेक्स निळ्या आणि हिरव्या अशा दोन रूपांत मिळायचा, दोघांत मॉलिब्डेनम-ऑक्सिजन बाँडची लांबी वेगळी, आणि हा नव्या प्रकारचा आयसोमेरिझम आहे असं बरीच वर्षं मानलं गेलं. १९९१ मध्ये पार्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हिरवं रूप म्हणजे निळ्या संयुगात पिवळ्या ट्रायक्लोरो संयुगाची भेसळ आहे. एकाच जागेवर कुठे ऑक्सिजन, कुठे क्लोरीन, क्लोरीन लांब बसतो म्हणून सरासरी बाँड लांबलेला दिसायचा. आर फॅक्टर तिथे धोक्याची घंटा वाजवत नव्हता. तुमचा ०.०३८ चांगलाच आहे, पण तो सगळ्या डेटाचा मिळून आहे, एका पाण्याबद्दल तो काही सांगत नाही.

तर उपाय सोपा आहे आणि तुमच्या हातात आहे: त्याच क्रिस्टलवर, किंवा त्याच बॅचच्या दुसऱ्या क्रिस्टलवर, १०० केल्विनला डेटा घ्या. नुसती थरथर असेल तर एलिप्सॉइड थंडीत चांगलंच आकसेल आणि अलर्ट बहुतेक आपोआप जाईल. स्थिर डिसऑर्डर असेल तर सिगार तशीच राहील, कदाचित दोन वेगळ्या शिखरांत फुटेल आणि मग तुम्ही ती दोन भागांत रिफाइन करू शकाल. दोन टेंपरेचरमध्ये २.३५ आणि २.७५ किती बदलतात तेही बघा. खालचं अंतर थंडीत ०.०५ ने कमी झालं आणि जवळचे चार जागचे हलले नाहीत तर तो संपर्क किती मऊ आहे याचा आणखी एक पुरावा मिळतो. ऑक्युपन्सी एकदा मोकळी सोडून बघा आणि टीजीए (तापवून वजनातली घट मोजणं) असेल तर पाण्याचा हिशोब जुळवून घ्या. क्लोराइड मीठ वापरून सिंथेसिस केलं असेल तर क्लोरीनचाही विचार मनात असू द्या.

जे करू नये ते म्हणजे रिगू किंवा डेलूसारखे रिस्ट्रेंट (रिफाइनमेंटवर घातलेली बंधनं) सरसकट सगळ्या अणूंवर लावून अलर्ट गप्प करणं. ते रिस्ट्रेंट हेच गृहीत धरतात की बाँडच्या दिशेत दोघं एकत्र हलतात, म्हणजे जो प्रश्न डेटाला विचारायचा आहे त्याचं उत्तर आपणच डेटाच्या तोंडी घालतो. डिसऑर्डर झालेल्या फिनाइल रिंगवर खुशाल लावा, पण कॉपर आणि अॅक्सियल (वरचं) पाणी त्यातून वगळा, आणि अलर्टला सिफ फाइलमध्ये (स्ट्रक्चरच्या डेटा फाइलमध्ये) दोन ओळींचं खरं उत्तर लिहा.

बाकीच्या मोजमापांबद्दल थोडक्यात. ईपीआरमध्ये (सुट्या इलेक्ट्रॉनच्या स्पेक्ट्रममध्ये) जी-पॅरलल, म्हणजे वर-खालच्या अक्षावरचा जी-आकडा, जी-पर्पेंडिक्युलरपेक्षा, म्हणजे प्लेनमधल्यापेक्षा, मोठा आला तर सुटा इलेक्ट्रॉन प्लेनमधल्या ऑर्बिटलमध्ये आहे एवढं कळतं. चार, पाच किंवा लांबलेले सहा, तिन्हींमध्ये तेच येतं, त्यामुळे त्यावरून मोजणी ठरवू नका. दृश्य स्पेक्ट्रममध्ये अॅक्सियल लिगँडमुळे बँड लाल बाजूला सरकतो, पण २.७५ वरच्या ऑक्सिजनचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे. तुम्ही म्हणताय सरांना साखळी मॅग्नेटिक भागासाठी हवी आहे. तिथेही हाच मुद्दा येतो, सुटा इलेक्ट्रॉन चार जवळच्या ऑक्सिजनकडे तोंड करून असलेल्या ऑर्बिटलमध्ये आहे, वर-खालच्या दिशेत त्याची घनता नगण्य, त्यामुळे या वाटेने कपलिंग फार कमी अपेक्षित आहे. ते दिसलं नाही म्हणून संपर्कच नाही असंही सिद्ध होत नाही. आणि डीएफटीने (संगणकावरच्या क्वांटम हिशोबाने) एका रेणूची जॉमेट्री ऑप्टिमाइझ करून हा प्रश्न सोडवायला जाऊ नका, तिथे शेजारचा रेणूच नसतो.

हातात जे आकडे आहेत त्यांवरून माझं मत: हा ४+१+१ आहे, म्हणजे चार जवळ, एक लांब, एक आणखी लांब. पेपरमध्ये मी साधारण असं लिहीन की कॉपर स्क्वेअर पिरॅमिडल आहे, चार ऑक्सिजन बेसमध्ये, पाणी शिखरावर २.३५ ला, कॉपर बेसच्या प्लेनपासून इतका वर, आणि पिरॅमिडच्या उघड्या बाजूला शेजारच्या रेणूचा कार्बोक्सिलेट ऑक्सिजन २.७५ वर दुबळ्या संपर्कात आहे, ज्यामुळे रेणू क्रिस्टलमध्ये साखळीसारखे रचले जातात. सहाही अंतरं टेबलमध्ये द्या, चित्रात सहावं तुटक रेघेने दाखवा, टायटलमधून पॉलिमर काढा. कोन काढल्यावर तो ऑक्सिजन सरळ खाली निघाला आणि १०० केल्विनला अंतर २.६ च्या आत आलं, सोबत कॉपरही प्लेनकडे परत सरकला, तर मी माझं मत बदलेन आणि सेमी-कोऑर्डिनेटेड (अर्धवट बांधलेला) सहावा असं म्हणायला तयार होईन. निव्वळ हायड्रोजन बाँडने आणलेला निघाला तर संपर्क हा शब्दही जरा जपून वापरा.

सरांशी बोलताना ते चूक आहेत असं मांडू नका, कारण डी-नाइन म्हणून लांबलेल्या ऑक्टाहेड्रनची अपेक्षा धरणं चुकीचं नाहीच. त्यांच्यासमोर बाँड व्हॅलन्सचे सहा आकडे आणि प्लेनपासूनचं सरकणं ठेवा, बोलणं तिथून आपोआप पुढे जाईल. आणि सोल्युशनमधल्या प्रयोगांचा भाग लिहिताना हे स्ट्रक्चर तसंच उचलून तिथे लावू नका, कॉपरचं अॅक्सियल पाणी द्रावणात अतिशय वेगाने अदलाबदल होतं, आणि साध्या पाण्यातल्या कॉपर आयनाभोवती सहा आहेत की पाच यावरही २००१ पासून गंभीर वाद चालू आहे. कोन आणि थंड डेटा आला की इथेच टाका, मी बघतो.